सतरा नंबरची रिकामी यादी

स्टाड्सकनाल या डच गावच्या शाळेत रूलफीन बूलेमाचा राग सगळ्यांना वेळापत्रकासारखा पाठ होता. सोमवारी ती न धुतलेल्या काचसामानावर चिडलेली असे, बुधवारी कॉपी मशीनमध्ये अडकलेल्या कागदावर, आणि शुक्रवारी सगळ्या जगावर, कारण शुक्रवारी दोन वाजताच शिक्षक सायकली काढून पसार होत आणि आवराआवर तिच्या गळ्यात पडे. ती स्वतः शिक्षिका नव्हती. गणित आणि विज्ञान विभागाची मदतनीस होती. वय एकोणसाठ, उंची दारात वाकावं लागेल इतकी, आणि आवाज कालव्यापलीकडच्या बेकरीत ऐकू जाईल असा. मुलं तिला पाठीमागे 'कपाटबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून त्यावर मात्र ती चिडत नसे.

कपाट म्हणजे तयारीच्या खोलीतलं करडं लोखंडी कपाट. त्यात ग्राफ काढणारे बत्तीस कॅल्क्युलेटर होते, शाळेच्या मालकीचे. ज्याचा स्वतःचा बिघडला, हरवला किंवा घेताच आला नाही, त्याला परीक्षेपुरता इथून मिळायचा. वर्षातून दोनदा कपाट उघडे: मार्चमध्ये शाळेच्या परीक्षेला आणि मे-जूनमध्ये शेवटच्या सरकारी परीक्षेला. प्रत्येक कॅल्क्युलेटरच्या पाठीवर लाल नेलपॉलिशने नंबर घातलेला. रूलफीनने जन्मात नखं रंगवली नव्हती. ती बाटली तिने खास नंबर घालायला आणली होती, आणि दुकानातल्या मुलीने "रंग तुम्हाला शोभेल हं" म्हटल्यावर तिच्यावरही ती चिडली होती.

कपाटाची एकच किल्ली होती आणि ती रूलफीनच्या गळ्यात असे. आतल्या दारावर एक तक्ता चिकटवलेला होता: नंबर, तारीख, 'पुसला', आणि पुढे तिची सही. मुलं परीक्षेत यंत्राच्या यादीत फंक्शनं लिहितात, त्यांचे आलेख काढतात आणि यंत्र तसंच परत करतात. हंगाम संपला की जूनमध्ये ती फंक्शनं पुसून यादी रिकामी करायची, मग सही करायची. पुसल्यावर यादी डोळ्यांनी पाहायची, त्याशिवाय सही नाही.

हा नियम तिने शाळेत येऊन बनवलेला नव्हता, तो तिच्याबरोबर आला होता. त्याआधी बावीस वर्षं ती बटाट्याच्या स्टार्च कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. हंगामात ट्रकमागून ट्रक यायचे, प्रत्येकातून नमुना काढायचा, धुवायचा, तोलायचा, स्टार्च किती निघाला ते लिहायचं. त्या आकड्यावर शेतकऱ्याचं वर्ष ठरायचं. एकदा एका सहकाऱ्याने काटा न बघताच आदल्या ट्रकचा आकडा पुढे उतरवला होता, तेव्हा रूलफीनने त्याच्याशी चार महिने बोलणं टाकलं होतं. प्रयोगशाळा दुसऱ्या गावी गेली, ती इथेच राहिली, आणि शेहेचाळीसाव्या वर्षी शाळेत आली. न बघता सही करणाऱ्या माणसाबद्दलचा तिरस्कार तेवढा बरोबर आणला.

त्या मार्चमधल्या मंगळवारी व्यायामशाळेत बारावीच्या साठ मुलांची नऊ वाजता गणिताची परीक्षा होती. सकाळी साडेआठला तिने दारात बसून यंत्रं वाटली. सतरा नंबर मारित प्रुमेलला गेला. मारित सतरा वर्षांची, बारीक, केस कायम ओले असल्यासारखे. तिचं स्वतःचं यंत्र फेब्रुवारीत सायकलच्या पिशवीतून उडून कालव्यात गेलं होतं.

"काढायला उतरली नाहीस?" रूलफीनने यंत्र देताना विचारलं होतं.

"बर्फ होता, बाई."

"मग यंत्र बर्फावर पडायला हवं होतं."

"पातळ बर्फ होता."

रूलफीनने नाक उडवलं आणि पुढच्याचं नाव विचारलं.

साडेदहाच्या कॉफीला बातमी आली. नऊ वाजून चार मिनिटांनी मारित प्रुमेलला कॉपी करताना पकडलं होतं. पहारा करणारे गणिताचे शिक्षक हावरकोर्ट फिरत फिरत तिच्यापाशी आले, तर तिचा कागद कोरा आणि यंत्राच्या यादीत सहा फंक्शनं, आणि ती घाईघाईने ती पुसत होती. हावरकोर्टनी तिला उभं केलं. साठ मुलांसमोर तिची पिशवी उलटी केली, डबा उघडून पाहिला, बाह्या वर करायला लावल्या. यंत्र जप्त झालं. नियमाप्रमाणे दुसरं यंत्र देऊन तिला पेपर पुरा करू दिला, पण तो धरायचा की नाही हे नंतर ठरणार होतं. कॉपी ठरली तर दहापैकी एक. एक म्हणजे सरकारी परीक्षेला बसूनही उपयोग नाही.

रूलफीनला राग आला तो मारितचा. तिच्या यंत्रात, तिने पुसून ठेवलेल्या यंत्रात, त्या पोरीने चोरीचा माल भरला होता.

अकरा वाजता परीक्षांचं काम पाहणारा वेसल टाउन्स्ट्रा तयारीच्या खोलीत आला. पस्तिशीचा, नीटनेटका, आवाज कधी न चढवणारा. त्याच्या हातात कपाटाच्या तक्त्याची प्रत आणि एक फॉर्म होता.

"रूलफीन, एक सही हवी. सतरा नंबर देताना रिकामा होता, एवढंच."

"रिकामाच होता. तक्त्यावर आहे."

"हो, म्हणून तर. इथे कर."

"यंत्र कुठे आहे?"

"पाकिटात. सीलबंद."

"मग माझी सहीही पाकिटात सीलबंद ठेवते. यंत्र बघितल्याशिवाय मी काही करत नाही."

"तू जूनमध्ये बघितलंस ना?"

"आता मार्च आहे, वेसल. तुझ्या फॉर्मवर मार्च लिहिलंय."

टाउन्स्ट्राने सुस्कारा टाकला. त्याने उघड वाद घातला नाही, कारण रूलफीनशी उघड वाद घातला की तो बेकरीपर्यंत जातो.

तो तिला यंत्र दाखवायला घेऊन गेला, तेव्हा त्याच्या खोलीबाहेर खुर्चीवर मारित बसली होती. मांडीवर डबा, त्यातला चीजचा पाव तसाच. रूलफीन तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माझ्या यंत्रात ती घाण कुणी लिहिली?"

"मी नाही. आधीच होती."

"माझ्या कपाटातून भरलेलं यंत्र बाहेर जात नाही."

"मग सतरा नंबर स्वतःच भरून घेऊन आला असेल, बाई."

"तोंड सांभाळ."

"कशाला सांभाळू? पिशवी बघितली, डबा बघितला, बाह्या बघितल्या. तोंडच राहिलंय बघायचं." मारितने डबा बंद केला. "पहिल्या प्रश्नाचा आलेख काढला तर सहा रेघा भलत्याच आल्या. शेवयांच्या ताटासारखं दिसत होतं. माझी रेघ कुठली तेच कळेना. म्हणून पुसायला लागले. एक एक अक्षर पुसत होतं ते यंत्र. तेवढ्यात सर आले."

"एक एक अक्षर कशाला? खाली 'पुसा' आहे. ते दाबायचं, मग 'हो' दाबायचं, आख्खी ओळ जाते."

"माझ्या यंत्रावर वेगळं होतं. आणि परीक्षा चालू होती, बाई. 'हो' दाबल्यावर सगळंच उडालं असतं तर? वस्तू शाळेची आहे."

रूलफीन आत जायला वळली. तिला पोरीची उत्तरं आवडली नव्हती. त्याहून, त्यांतलं एकही उत्तर तिला खोटं वाटत नव्हतं, आणि ते तर मुळीच आवडलं नव्हतं.

आत हावरकोर्ट बसले होते. छप्पन्न वर्षांचे, कोपरांवर चामड्याचे तुकडे लावलेला कोट, शाळेत तीस वर्षं. टाउन्स्ट्राने पाकीट उघडलं. रूलफीनने सतरा नंबर चालू केला. यादीत खरंच सहा ओळी होत्या. तिसरी अर्धी कुरतडल्यासारखी.

"ही चौथी ओळ बघ," हावरकोर्ट म्हणाले. "माझ्या पाचव्या प्रश्नातलं फंक्शन. फक्त एक फरक. यंदा मी तिनाचे चार केलेत, आणि इथे तीन आहेत. म्हणजे तिच्या हाती गेल्या वर्षीचा पेपर लागलाय. बाकीच्या ओळीही तशाच. पाठ करून आली, आत येताच उतरवलं."

"म्हणजे तू यंदा गेल्या वर्षीचाच पेपर दिलास?"

"काही आकडे बदललेत."

"किती?"

"तो मुद्दा नाही, रूलफीन."

"एक?"

"तो मुद्दा नाही म्हटलं ना."

टाउन्स्ट्रा मध्ये पडला. "सही करतेस ना आता? यंत्र पाहिलंस."

"उद्या," ती म्हणाली, आणि निघून आली.

ती कपाटाकडे गेली ती स्वतःला खरं ठरवायला. मारितला खोटं पाडलं की प्रश्न मिटला. त्या दिवशी वाटलेली यंत्रं परत आली होती, ती तिने बाजूला ठेवली. जूननंतर कुणाचाही हात न लागलेली अकरा यंत्रं अजून कपाटातच होती. तिने दोन नंबर उघडला. यादी रिकामी. पाच रिकामी. नऊ रिकामी. ती मनात म्हणाली, बघ.

अकरा नंबरच्या यादीत चार फंक्शनं होती. चौथ्यात तोच तिनाचा आकडा.

चौदा नंबरमध्ये पाच. त्यातही ते तीन होतेच. सव्वीसमध्ये सहा. तक्त्यावर तिन्हींच्या पुढे जूनची तारीख, 'पुसला', आणि तिची सही, शाई जराही न फिसकटलेली.

रूलफीन स्टुलावर बसली. हा राग वेगळा होता. एरवीचा राग तोंडावाटे बाहेर पडायचा आणि ती मोकळी व्हायची. हा बाहेर यायलाच तयार नव्हता. ती वेंधळी असती, आळशी असती, तर गोष्ट सोपी होती. पण तिने पाहिलं होतं. बत्तीसच्या बत्तीस याद्या तिने गेल्या जूनमध्ये डोळ्यांनी रिकाम्या पाहिल्या होत्या, शेवटच्या परीक्षेच्या दिवशी, मुलं बाहेर आनंदाने ओरडत असताना, इथेच बसून.

त्याच दिवशी. ती थबकली. मुलांनी यंत्रं परीक्षा संपल्या संपल्या खोक्यात टाकली होती, आणि सगळ्या यंत्रांच्या पडद्याभोवती हिरवी चौकट लुकलुकत होती.

सरकारी परीक्षेत यंत्र परीक्षेच्या मोडमध्ये टाकावं लागतं. तीन कळा एकदम दाबल्या की पडद्याला हिरवी चौकट येते आणि आतली यादी कोरी दिसते, म्हणजे आधी भरून ठेवलेलं काही वापरता येत नाही. मार्चच्या परीक्षेत मात्र हावरकोर्ट तो मोड लावू देत नसत. साठ मुलांच्या तीन तीन कळा दाबून घेण्यात दहा मिनिटं जातात, असं त्यांचं म्हणणं.

तिने तीन नंबर घेतला. यादीत एक साधं फंक्शन लिहिलं. तीन कळा दाबल्या, चौकट आली, यादी कोरी झाली. कोऱ्या यादीत तिने दुसरं फंक्शन लिहिलं, जसं मुलांनी परीक्षेत लिहिलं असेल. मग ते पुसलं, जसं तिने जूनमध्ये पुसलं होतं. खाली 'पुसा', मग 'हो'. यादी रिकामी. गेल्या जूनमध्ये ती इथे सही करून पुढच्या यंत्राकडे वळली असती.

आता तिने खणातून वायर काढली आणि तीन नंबर पाच नंबरला जोडला. मोडमधून यंत्र बाहेर काढायचा तो एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे बारा तास काहीच न करणं, आणि कपाटातली यंत्रं नऊ महिने काहीच करत नव्हती. चौकट विझली. यादीत तिचं पहिलं फंक्शन जसंच्या तसं हजर होतं, कुठेतरी कॉफी प्यायला जाऊन आल्यासारखं.

तिने वायर उपसून टेबलावर आपटली.

यंत्र पुसत नव्हतं, झाकत होतं. चौकटीच्या आत काय करायचं ते करा, चौकट गेली की जुनं सगळं परत. गेल्या मार्चमध्ये हावरकोर्टच्या वर्गातल्या ज्या मुलांनी ही यंत्रं घेतली, त्यांनी पेपरातली फंक्शनं लिहिली. मार्च ते जून एकच हंगाम म्हणून तिने मध्ये पुसलं नव्हतं, जूनमध्ये एकदम पुसायचं होतं. सरकारी परीक्षेत त्यावर चौकट बसली. जूनमध्ये तिने चौकटीच्या आतलं पुसलं आणि खाली सही केली. आणि यंदा हावरकोर्टनी तोच पेपर पुन्हा दिला.

संध्याकाळी सहाला जेवताना तिने हार्मला, म्हणजे नवऱ्याला, सगळं सांगितलं. हार्म बटाटे कुस्करत ऐकत होता. तो बस चालवून निवृत्त झालेला माणूस, घाई कशाचीच नाही.

"मग तू पाहिलं होतंस की नव्हतंस?" त्याने विचारलं.

"पाहिलं होतं."

"मग चूक यंत्राची."

"यंत्र सही करत नाही, हार्म. चौकट लुकलुकत होती. माझ्या नाकासमोर. ती काय करते हे पुस्तिकेत लिहिलेलं असणार, आणि ती पुस्तिका त्याच कपाटात आहे, प्लास्टिकमध्ये. मी ते प्लास्टिकही फोडलेलं नाही."

हार्मने रस्सा पुढे केला. तिने घेतला नाही.

बुधवारी सकाळी आठ वाजता टाउन्स्ट्राच्या खोलीत मारित होती आणि तिची आईही. आईचं नाव आली प्रुमेल. वृद्धाश्रमातली साफसफाई अर्धी टाकून आली होती, निळा अंगरखा अंगावर तसाच. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि हातातले रबरी मोजे पिळत होती.

"काल जेवली नाही ही," ती टाउन्स्ट्राला सांगत होती, जणू हाही पुरावा म्हणून लिहून घ्यावा. "रात्रभर दिवा चालू. मी दोनदा दार ढकललं, तर म्हणते, आई, तू पण बघणार का माझी पिशवी?"

"आई, पुरे."

"पुरे काय? मी काही बोलले का तुला?"

रूलफीन खोकं घेऊन आत आली आणि ते तिने टाउन्स्ट्राच्या कागदांवरच ठेवलं. हावरकोर्ट मागोमाग आले, हातात कॉफी.

"अकरा, चौदा, सव्वीस," ती म्हणाली. "जूनपासून माझ्या कुलपात. किल्ली ही. उघडा आणि बघा."

टाउन्स्ट्राने अकरा नंबर उघडला. मग चौदा. मग सव्वीस. त्याने तिन्ही यंत्रं टेबलावर एका ओळीत ठेवली आणि हावरकोर्टकडे पाहिलं. हावरकोर्टनी कॉफीकडे पाहिलं.

"तुझीच सही आहे इथे," हावरकोर्ट म्हणाले. "पुसला म्हणून."

"हो. चुकीची आहे. बत्तीस सह्या चुकीच्या आहेत." तिने वायर काढली आणि सगळ्यांसमोर पुन्हा करून दाखवलं: चौकट, पुसणं, चौकट विझणं, फंक्शन परत. मारितची आई पुढे वाकून बघत होती. तिला त्यातलं गणित कळत नव्हतं, पण गेलेली गोष्ट परत आली हे तिला दिसलं.

"म्हणजे हिने काही केलं नाही," ती म्हणाली.

"काही नाही. तिने फक्त माझं राहिलेलं काम करायला घेतलं होतं. परीक्षेच्या वेळातून."

टाउन्स्ट्राने घसा साफ केला. "तर मग मार्ग सोपा आहे. मारितला पुन्हा परीक्षा देता येईल. एप्रिलमध्ये. नवा पेपर, स्वच्छ यंत्र. कुणाचंच काही बिघडत नाही."

"माझं बिघडतं," मारित म्हणाली. "पुन्हा देता येणारी परीक्षा एकच असते, सर. ती मी रसायनशास्त्रासाठी ठेवलीय. रसायनात मला पाच आहेत, म्हणजे नापास."

"गणितात किती पडले तिला?" रूलफीनने विचारलं.

हावरकोर्टनी कॉफीचा घोट घेतला. "सात पॉइंट चार."

"दुसऱ्या यंत्रावर, पिशवी उलटी केल्यानंतर सात पॉइंट चार. आणि तो पेपर फेकायचा? कशासाठी? माझ्या सहीसाठी आणि तुझ्या आळसासाठी?"

"रूलफीन," टाउन्स्ट्रा म्हणाला.

"आळसच. नवा पेपर काढायला एक शनिवार लागतो. त्याने तिनाचे चार केले. मग तेच तीन त्या पोरीच्या यंत्रात दिसले तेव्हा त्याला एकदाही वाटलं नाही की हे माझेच तीन असतील. तिला उभं केलं."

"नऊ वाजून चार मिनिटांनी माझ्यासमोर काय होतं?" हावरकोर्ट म्हणाले. "कोरा कागद आणि पुसणारा हात. तू काय समजली असतीस?"

"तेच समजले. काल हिच्यावर ओरडलेसुद्धा. मग जाऊन कपाट उघडलं."

शेवटी सात पॉइंट चार राहिले. टाउन्स्ट्राला दुसरा मार्ग उरला नव्हता, खोकं टेबलावर होतं. दुपारी त्याने मारितच्या घरी पाठवायचं पत्र रूलफीनला वाचायला दिलं. 'मदतनिसाकडून झालेल्या तांत्रिक चुकीमुळे संशय निर्माण झाला. तो मागे घेण्यात येत आहे.'

रूलफीनने पत्र दोनदा वाचलं. "पहिलं वाक्य खरं आहे," ती म्हणाली. "अर्धं." आणि पेन काढून खाली लिहिलं: 'परीक्षेचा पेपर गेल्या वर्षीचाच होता. हे शिक्षकांना माहीत होतं, तरी विद्यार्थिनीवर आरोप सर्वांसमोर केला.'

"हे असं पाठवता येणार नाही."

"मग मी दुसऱ्या पाकिटात पाठवते. पत्ता माझ्याकडे आहे."

"तुझा करार जुलैमध्ये नवा व्हायचाय, रूलफीन. मी धमकी देत नाहीये. फक्त सांगतोय."

"ऐकलं. छाप."

त्याने छापलं, थोडे शब्द गुळगुळीत करून. मारितने ते गुरुवारी तयारीच्या खोलीत उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली आणि टेबलावर ठेवलं. रूलफीनची अपेक्षा होती की पोरीचा चेहरा थोडा तरी सैल पडेल.

"बंद पाकिटात," मारित म्हणाली.

"म्हणजे?"

"पिशवी साठ जणांसमोर उघडली. हे बंद पाकिटात. आज सकाळी सायकली लावताना एकाने विचारलं, पेपर कितीला विकत घेतलास. मी त्याला हे पत्र वाचून दाखवू? प्रत्येकाला?"

रूलफीनने तिच्याकडे पाहिलं. दोन दिवस जो राग आत अडकला होता त्याला आता वाट मिळाली, आणि ती वाट जिन्यावरून वर दोनशे चार नंबरच्या वर्गात जात होती.

"आत्ता तुला कुठला तास आहे?"

"गणित. मी जाणार नव्हते."

"चल."

हावरकोर्ट फळ्यावर काहीतरी लिहीत होते. तासाच्या मध्येच दार उघडून रूलफीन आत आली तेव्हा मागच्या बाकांवरून कुणीतरी "कपाटबाई" कुजबुजलं, आणि मागून मारित आली तेव्हा वर्ग गप्प झाला. मारित मागे जाऊन आपल्या बाकावर बसली. बसली, पण कोट काढला नाही.

"दोन मिनिटं," रूलफीन म्हणाली, आणि परवानगीची वाट न बघता वर्गाकडे वळली. "मंगळवारी सतरा नंबरच्या यंत्रात जी फंक्शनं निघाली ती गेल्या वर्षीच्या मुलांची होती. मी ती पुसली नव्हती. पुसली असं लिहून खाली सही केली होती. तक्ता खाली दारावर आहे, कुणालाही बघता येईल. मारित प्रुमेलने कॉपी केली नाही. माझ्या चुकीमुळे तिला तुमच्यासमोर उभं राहावं लागलं, आणि त्याबद्दल मी तिची माफी मागते. तुमच्यासमोरच."

तिचे कान तापले होते. सगळ्या वर्गाला तिचा राग माहीत होता. हे तिच्या तोंडून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, तिनेही नाही.

"झालं ते माझं," ती म्हणाली आणि हावरकोर्टकडे वळून हाताची घडी घालून दारापाशी उभी राहिली.

हावरकोर्टनी डस्टर उचललं. अर्धवट लिहिलेलं समीकरण पुसता पुसता, फळ्याकडे तोंड करून ते म्हणाले, "हो, तर, पेपर थोडाफार गेल्या वर्षीसारखा होता, त्यामुळे माझाही गैरसमज झाला. वाईट वाटतं. पान एकशे बारा काढा."

पानं उलटल्याचा आवाज आला नाही.

"सर," मारित म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं नाही."

हावरकोर्टनी दाराकडे पाहिलं. रूलफीन दारातच उभी होती आणि तिला कुठेही जायची घाई नव्हती. त्यांनी डस्टर खाली ठेवलं, वर्गाकडे तोंड केलं, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.